'जा' आणि 'शोधा': विकिपीडियावरच्या दोन बटणांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विकिपीडियाच्या सर्च बॉक्सला एक बटण असावं की दोन, हा वाद जुना आहे आणि दर नव्या रूपाबरोबर, म्हणजे पानाची मांडणी बदलली की, तो पुन्हा वर येतो. मराठीत लिहिणाऱ्या आणि नव्या लोकांना विकिपीडिया शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना याबद्दल तेच ते प्रश्न विचारले जातात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे. माझी बाजू आधीच सांगतो, म्हणजे वाचताना अंदाज राहील: सर्च बॉक्समधल्या भिंगाच्या चित्राशेजारी अक्षरांत लिहिलेलं, फक्त शोधण्याचं काम करणारं स्वतंत्र बटण हवं, आणि मराठीला त्याची गरज इंग्रजीपेक्षा जास्त आहे.

वाद नेमका कशाचा आहे?

सर्च बॉक्समध्ये शब्द लिहून एंटर मारला की दोनपैकी एक गोष्ट घडते. त्याच नावाचा लेख असेल तर तुम्ही थेट त्या लेखावर जाता. नसेल तर तो शब्द कुठे कुठे आला आहे, त्याची यादी समोर येते. काय घडणार हे आपण ठरवत नाही. त्या नावाचा लेख आहे की नाही, यावर ते ठरतं.

वाचनालयात काउंटरवर दोन प्रकारची माणसं येतात. एक म्हणतो, "अमुक पुस्तक द्या." दुसरा म्हणतो, "१९६७ च्या कोयनेच्या भूकंपाबद्दल कुठे काय वाचायला मिळेल?" ग्रंथपाल पहिल्याच्या हातात पुस्तक ठेवतो आणि दुसऱ्याला कपाटापाशी घेऊन जातो. कोयना नावाचं एक पुस्तक आहे म्हणून दुसऱ्याच्याही हातात तेच ठेवून त्याला वाटेला लावत नाही. एकच बटण असलेला सर्च बॉक्स मात्र तसं करतो.

पहिल्या कामाला 'जा' म्हणू आणि दुसऱ्याला 'शोधा'.

पूर्वी दोन बटणं होती, हे खरं का?

होय. विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला आणि मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी. त्यानंतर २००४ साली 'मोनोबुक' नावाचं रूप आलं. पुढची काही वर्षं विकिपीडिया म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तेच रूप यायचं. त्यात सर्च बॉक्स डाव्या पट्टीत होता आणि त्याच्या खाली दोन बटणं होती. इंग्रजीत एकावर 'गो' आणि दुसऱ्यावर 'सर्च' असायचं. पहिलं दाबलं की लेखावर, दुसरं दाबलं की यादीवर. तुमच्या शब्दाचा लेख असो वा नसो, दुसरं बटण यादीच द्यायचं.

मे २०१० मध्ये इंग्रजी विकिपीडियावर 'व्हेक्टर' हे नवं रूप आलं. सर्च बॉक्स वर उजव्या कोपऱ्यात गेला आणि दोन बटणांच्या जागी एक छोटंसं भिंग आलं. त्या भिंगाला 'जा'चं काम मिळालं. 'शोधा' बॉक्सखाली उघडणाऱ्या सूचनांच्या शेवटच्या ओळीत गेलं. नंतर 'व्हेक्टर २०२२' आलं. नावात २२ असलं तरी इंग्रजी विकिपीडियावर ते १८ जानेवारी २०२३ पासून सर्वांसाठी लागू झालं. यात बॉक्स बोधचिन्हाच्या शेजारी आला, चांगला रुंद झाला, सूचनांमध्ये चित्रं आणि लेखाची एका ओळीतली ओळख दिसू लागली. चाचणी झालेल्या विकिपीडियांवर यामुळे शोधण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढलं, असं विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने सांगितलं. मला ते पटतं, कारण बॉक्स आता खरोखर नजरेत भरतो. रुंद पडद्यावर बटणावर 'शोधा' अशी अक्षरंही परत आली आहेत.

पण काम तेच राहिलं. बटणावर 'शोधा' लिहिलेलं आहे आणि दाबल्यावर ते 'जा'चं काम करतं. माझी खरी तक्रार या एका विसंगतीबद्दल आहे.

ज्या मीडियाविकी सॉफ्टवेअरवर हे सगळं चालतं, त्यात 'यूज टू बटन्स सर्च फॉर्म' अशा अर्थाच्या नावाची एक सेटिंग बरीच वर्षं होती. दोन बटणं हवीत की एक, हे प्रत्येक साइटने आपापलं ठरवावं म्हणून. तेव्हा ही मागणी कुणाच्या डोक्यातून काल निघालेली नाही.

यादी हवी असेल तर ती आजही मिळते ना? मग अडचण काय?

मिळते. तीन वाटा आहेत. पहिली, शब्द लिहिल्यावर खाली ज्या सूचना उघडतात त्यांतली अगदी शेवटची ओळ. तो मजकूर असलेली सगळी पानं शोधण्याची सोय तिथे असते. दुसरी, शब्दाच्या आधी ~ हे लाटेसारखं चिन्ह टाकायचं, म्हणजे लेख असला तरी यादीच उघडते. तिसरी, शोधाच्या खास पानावर जाऊन तिथल्या मोठ्या बॉक्समध्ये लिहायचं.

पहिली वाट सूचना उघडल्या तरच दिसते. गावाकडे नेट मंद असलं की सूचना यायच्या आत माणूस एंटर मारून मोकळा होतो. दुसरी वाट सांगितल्याशिवाय कुणाला सुचणार नाही, आणि मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर ते चिन्ह दोन पानं उलटल्यावर सापडतं. तिसरी वाट ज्यांना माहीत आहे त्यांना हे पान वाचायची गरजच नाही. सोय आहे, पण ती ज्याला सर्वांत जास्त हवी त्यालाच दिसत नाही.

एखादं प्रत्यक्ष उदाहरण द्याल का?

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचनालयात आम्ही विकिपीडियाची कार्यशाळा घेतली होती. पहिल्या बाकावर एक निवृत्त शिक्षक बसले होते, सगळे त्यांना गुरुजी म्हणत होते. हातात शंभर पानी वही आणि खिशाला दोन पेनं. वाईबद्दल विकिपीडियावर कुठे कुठे काय लिहिलं आहे, ते त्यांना गोळा करायचं होतं. वाईवरचा लेख त्यांनी घरीच वाचून काढला होता. त्यांना बाकीचं हवं होतं. अफझलखान वाईचा सुभेदार होता, नाना फडणवीसांचा वाडा शेजारच्या मेणवलीत आहे, ढोल्या गणपती कृष्णेच्या घाटावर आहे, मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून चालवलं. म्हणजे वाईचा उल्लेख किती ठिकाणी असायला हवा, याचा हिशोब त्यांच्या डोक्यात तयार होता.

त्यांनी सावकाश दोन अक्षरं टाइप केली, चष्मा वर सरकवला आणि भिंग दाबलं. वाईचा लेख उघडला. ते मागे आले, पुन्हा तेच केलं, पुन्हा तोच लेख. तिसऱ्यांदा माझ्याकडे वळून म्हणाले, "अहो, हे मला घरी नेऊन सोडतंय. मला गावात फिरायचंय."

दोन बटणांच्या बाजूने याहून नेमकं बोलणं मी आजवर ऐकलेलं नाही.

मराठीला याची गरज जास्त आहे, असं का म्हणता?

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण वादात हाच भाग सर्वांत कमी बोलला जातो.

आपल्या भाषेत शब्द एकटा क्वचितच येतो. त्याला प्रत्यय चिकटतात आणि चिकटताना शब्दाचं अंगही बदलतं. पाऊस 'पावसाने' होतो, पुणे 'पुण्यात' होतं, सातारा 'साताऱ्याहून' होतो. इंग्रजीत 'इन पुणे' लिहिलं तरी पुणे जसंच्या तसं सुटं राहतं आणि यंत्राला सापडतं. मराठीत यंत्रासाठी 'पुणे' आणि 'पुण्यात' हे दोन वेगळे शब्द आहेत. विकिपीडियाचा आजचा शोध ज्या 'इलॅस्टिकसर्च' या शोधाच्या सॉफ्टवेअरच्या पायावर उभा राहिला, त्याच्यासोबत येणाऱ्या भाषांच्या तयार यादीत हिंदी आहे, बंगाली आहे, मराठी नाही. म्हणजे प्रत्यय सोलून मूळ शब्दापर्यंत पोचण्याची जी तयार सोय त्या भाषांना मिळते, ती आपल्याला मिळत नाही.

दुसरं, लेखनाचे नियम. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि शेवटचा इकार-उकार दीर्घ झाला: 'कवि'चा 'कवी' झाला, 'गुरु'चा 'गुरू' झाला. जुन्या पुस्तकांतून माहिती घेऊन लिहिणारे आजही ऱ्हस्व लिहून जातात. आडनावांत तर 'पाटिल' आणि 'पाटील' दोन्ही सर्रास चालतात.

तिसरं, कीबोर्ड. 'साताऱ्यात' मधलं अर्धं ऱ् दोन तऱ्हांनी टाइप होतं. एक म्हणजे खालचा टिंब असलेलं ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरी म्हणजे साध्या र चा पाय मोडून मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालायचं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात, आत सांकेतिक क्रम वेगळे असतात. ॲ चीही तीच गत. सगळ्या लिपींच्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत हे अक्षर २००८ साली स्वतंत्रपणे आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र चढवून काम भागवत आणि अजूनही कित्येक कीबोर्ड तसंच करतात. 'ॲप' आणि 'अॅप' तुम्हाला एकच वाटतात. यंत्राने ते एक मानावेत यासाठी कुणीतरी मुद्दाम सांगड घालून द्यावी लागते, आपोआप ते होत नाही.

आता हे सगळं 'जा' बटणाला लावून पाहा. 'जा' म्हणजे शीर्षकाशी गाठ घालणं. शीर्षक एकच असतं आणि आपल्याकडे ते लिहायच्या तऱ्हा चार. जुळलं नाही तर यादी येते, हे ठीक आहे. पण जुळलं तर बाकीच्या तऱ्हांनी लिहिलेलं जे काही इतर पानांत पसरलं आहे, ते दिसायची संधीच जाते.

पण मग शोधसुद्धा 'पुण्यात' शोधून देणार नाही. दुसऱ्या बटणाने काय साधेल?

हा आक्षेप रास्त आहे आणि तो घेणारे बहुतेक जण स्वतः तंत्रज्ञ असतात. दुसरं बटण मराठीचं व्याकरण शिकवणार नाही. 'वाई' शोधलं तर 'वाईतील' सुटेल. शब्दाच्या शेवटी फुली म्हणजे * टाकली तर 'वाईतील', 'वाईचा', 'वाईकर' सगळे येतात, आणि सोबत 'वाईट'ही येतो.

तरी यादीचा एक गुण थेट उडीत नाही: यादी तुम्हाला पुढचा प्रयत्न सुचवते. दहा निकालांत सहा 'वाईट' निघाले की माणूस 'वाईत' आणि 'वाईचा' असं वेगवेगळं शोधून पाहतो. गुरुजींनी तेच केलं, कुणी न सांगता. लेखावर जाऊन पोचलेला माणूस मात्र शोध संपला असं समजतो. त्याने काय गमावलं, हे त्याला कळायची काही सोय नसते. आणि एक बाजू आम्हा संपादकांची: मराठीचा शोध सुधारावा अशी ओरड तेव्हाच होईल जेव्हा लोक शोध वापरतील. शोध शेवटच्या ओळीत दडलेला राहिला तर त्यातल्या उणिवाही दडलेल्याच राहतील.

पुनर्निर्देशनांनी हा प्रश्न सुटत नाही का?

'जा'चा सुटतो, 'शोधा'चा नाही.

पुनर्निर्देशन म्हणजे पर्यायी नावावरून खऱ्या लेखाकडे नेणारी पाटी. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर घ्या. कुणी सी. डी. देशमुख लिहील, कुणी सी.डी. देशमुख असं मधली जागा न सोडता, कुणी चिंतामणराव देशमुख, कुणी चिं. द्वा. देशमुख. या प्रत्येक नावाची पाटी लावली की चारही वाटांनी आलेला माणूस एकाच लेखावर पोचतो. हे काम फार मोलाचं आहे आणि ज्यांना विकिपीडियावर सुरुवात करायची आहे त्यांना मी आधी हेच करायला सांगतो. पण ते १९४३ साली गव्हर्नर झाले, याचा उल्लेख आणखी कोणत्या लेखांत आहे, हे पाटी सांगत नाही.

एका बटणामुळे नुकसान होतं, असा काही पुरावा आहे का? की ही नुसती आवडनिवड आहे?

संपादकांना दिसणारं एक नुकसान सांगतो: एकाच विषयावर दोन लेख. नवा माणूस 'न्यूयॉर्क' असं जोडून लिहितो, लेख 'न्यू यॉर्क' असा तोडून लिहिलेला असतो. गाठ पडली नाही की निकालांच्या पानावर सर्वांत वर, या नावाचा लेख तयार करा अशा अर्थाचा लाल दुवा येतो. तो ठळक असतो, म्हणून नजर तिथेच जाते. माणूस उत्साहाने लिहायला बसतो आणि महिन्याभराने कुणीतरी दोन लेखांचं विलीनीकरण करत बसतं. विलीन करताना एकाचं लिखाण जवळजवळ पूर्ण कापलं जातं आणि बहुधा ते नवख्याचं असतं. तो परत येत नाही.

दुसऱ्या बटणाने हे संपूर्ण थांबेल असं मी म्हणत नाही. पण 'शोधा' दाबून यादी मागणारा माणूस यादी वाचतो. 'जा' दाबून अडलेला माणूस दार नाही म्हणून भिंत फोडायला घेतो.

दोन बटणं पाहून नवे लोक गोंधळणार नाहीत का?

विरुद्ध बाजूचा हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे. मोनोबुकच्या काळातही 'या दोन बटणांत फरक काय' असं लोक विचारतच होते, हे नाकारता येत नाही. बटण म्हणजे प्रश्न विचारणं असतं आणि प्रत्येक वाचकाला प्रत्येक वेळी दोन प्रश्न का विचारायचे, असं रचनाकार म्हणतात. ते चूक नाहीत. बहुसंख्य वाचकांना लेखच हवा असतो. एंटरला 'जा'चं काम ठेवायला माझी मुळीच हरकत नाही.

पण दोन बटणं म्हटली की गोंधळच, हे मला मान्य नाही. गूगलच्या मुखपृष्ठावर सुरुवातीपासून दोन बटणं आहेत: एक शोधाचं आणि एक 'आय ॲम फीलिंग लकी', जे थेट पहिल्या निकालावर नेतं. तिथे नेहमीचं बटण यादी देतं आणि थेट उडी ही खास सोय आहे. विकिपीडियात ते उलटं आहे. लोकांचा हात गूगलवर बसलेला असतो; 'शोधा' दाबलं की यादी येणार, ही त्यांची अपेक्षा तिथूनच आली आहे. गोंधळ आजच होतो आहे, फक्त एका बटणामुळे.

मोबाइलवर मात्र दुसरं बटण नको. जागा नाही, बोटं मोठी, चुकून भलतंच दाबलं जाईल. तिथे 'हा शब्द असलेली सगळी पानं' ही ओळ सूचनांच्या तळाला न ठेवता सर्वांत वर आणावी, एवढंच पुरे.

बटणावर काय लिहावं?

यावर आमच्यात सर्वांत जास्त चर्चा झडते आणि मला ती फार आवडते.

'गो'साठी 'जा' हा सरळ शब्द आहे, पण मराठीत नुसतं 'जा' कानाला हाकलल्यासारखं लागतं. कोकणात तर घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. 'चला' त्यामानाने आपुलकीचं आहे, त्यात सांगणाराही सोबत निघतो. पण कुठे चला, ते कळत नाही. 'लेख उघडा' लांब आहे, तरी त्यात शंका राहत नाही. माझं मत 'लेख उघडा'ला.

दुसऱ्यासाठी 'शोध' की 'शोधा'? 'शोध' हे नाम आहे, पाटीसारखं. पण एकेरी आज्ञाही तशीच होते, आणि सत्तर वर्षांच्या आजींना बटणाने 'शोध' म्हणणं बरं दिसत नाही. 'शोधा' आदराचं आहे. 'सगळीकडे शोधा' केलं तर फरक बटणावरच वाचता येतो आणि समजावून सांगणारं वेगळं पान लागत नाही. नागपूरकडच्या एका मैत्रिणीने 'हुडका' सुचवलं होतं. शब्द झकास आहे, पण सगळ्या महाराष्ट्राला तो एकसारखा कळेल का, याची तिलाच खात्री नव्हती.

भिंगाचं चित्र सगळ्यांना कळतं. अक्षरं कशाला हवीत?

सगळ्यांना कळत नाही. आमच्या शेजारच्या काकू टॅबवर बातम्या वाचतात. विकिपीडिया उघडून दिला तर त्यांनी पहिल्यांदा भिंग दाबलं, अक्षरं मोठी व्हावीत म्हणून. पेपर वाचायला त्या भिंगच वापरतात, मग त्यांचं काय चुकलं?

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी हा मुद्दा आणखी महत्त्वाचा आहे. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, मराठी वाचतो, पण बटणाला नाव दिलेलं असेल तरच. नुसत्या चित्राला नाव द्यायचं राहून गेलं तर ऐकणाऱ्याला फक्त 'बटण' एवढंच ऐकू येतं. आकाराचंही तसंच: वेबच्या सुलभतेचे डब्ल्यूसीएजी २.२ हे निकष ऑक्टोबर २०२३ मध्ये आले. त्यांत दाबायच्या जागेची किमान मोजणी २४ गुणिले २४ पिक्सेल सांगितली आहे. अक्षरांचं बटण आपोआप रुंद होतं. भिंग बारीक होत जातं.

पूर्ण शोधाने सर्व्हरवर ताण येतो म्हणून बटण काढलं, हे खरं का?

शीर्षक जुळवून पाहणं स्वस्त आणि सगळा मजकूर धुंडाळणं महाग, हे खरं आहे. सुरुवातीच्या वर्षांत गर्दी वाढली की विकिपीडियाला स्वतःचा शोध काही काळ बंद ठेवावा लागे आणि त्या जागी बाहेरच्या शोधयंत्रांचे बॉक्स दाखवले जात. पण नंतर शोधासाठी वेगळी यंत्रणा उभी राहिली. ताणाचं कारण आज पुढे करण्यात अर्थ नाही.

हा बदल मराठी विकिपीडियावर करायचा तर कोण करू शकतं?

बटणावरची अक्षरं बदलणं सर्वांत सोपं. मराठी भाषांतरं ट्रान्सलेटविकी या संकेतस्थळावर स्वयंसेवक करतात. खातं उघडून तुम्हीही करू शकता. तिथला बदल मीडियाविकी वापरणाऱ्या सगळ्या मराठी साइटना लागू होतो, म्हणून घाई करू नये. फक्त मराठी विकिपीडियापुरता शब्द बदलायचा असेल तर इथले प्रचालक, म्हणजे जादा अधिकार असलेले स्वयंसेवक, तो संदेश बदलू शकतात.

नवं बटण जोडणं ही पुढची पायरी. त्यासाठी छोटा प्रोग्राम, म्हणजे गॅजेट लागतं. सर्वांसाठी चालणारा असा कोड बदलण्याचा अधिकार २०१८ पासून 'इंटरफेस प्रशासक' या वेगळ्या गटाकडे आहे, आणि ते योग्यच आहे, कारण तिथली एक चूक प्रत्येक वाचकाच्या पडद्यावर जाते. त्याआधी विषय चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर मांडायचा, लोकांना बोलू द्यायचं, सहमती घ्यायची. मूळ सॉफ्टवेअरमध्येच बदल हवा असेल तर फॅब्रिकेटर या सॉफ्टवेअरमधल्या अडचणी आणि मागण्या नोंदवायच्या संकेतस्थळावर मागणी नोंदवावी लागते. तिथे 'मराठीला हवंय' एवढं म्हणून भागत नाही. 'सातारा शोधलं, साताऱ्यात सापडलं नाही' अशी नेमकी उदाहरणं दिली की वाचणारा थांबतो.

माझी सूचना अशी: आधी गॅजेट ऐच्छिक ठेवावं. ज्याला हवं त्याने ते चालू करावं, काही महिने वापरावं, मग सर्वांसाठी करायचं का ते बोलावं. व्हेक्टर २०२२ च्या वेळी इंग्रजीत लागू झाल्यावर परत फिरवण्याची मागणी होऊन मोठी चर्चा रंगली होती. रूप राहिलं, पण मनं दुखावली. आपण थोडे लोक आहोत, आपल्याला ते परवडणारं नाही.

तोवर मी काय करू?

खातं असेल तर पसंतीच्या पानावर रूप बदलून मोनोबुक घ्या. ते अजून चालू आहे आणि त्यात दोन्ही बटणं जिथल्या तिथे आहेत. खातं नसेल तर ~ चा वापर करा. नेमका शब्दसमूह हवा असेल तर तो दुहेरी अवतरणचिन्हांत घाला. संगणकावर ऑल्ट, शिफ्ट आणि एफ एकत्र दाबलं की कर्सर थेट सर्च बॉक्समध्ये जातो. मराठी टाइप करायची सोय नसेल तर बॉक्समध्ये असताना कंट्रोल आणि एम दाबून पाहा. विकिपीडियाची स्वतःची मराठी लेखनसोय चालू होते.

आणि त्या गुरुजींचं काय झालं?

त्यांना खातं उघडून दिलं, मोनोबुक लावून दिलं. त्यांनी दुसरं बटण दाबलं आणि यादी आली. तिच्याकडे ते बराच वेळ नुसते बघत बसले. मग वहीचं नवं पान काढून एकेक लेखाचं नाव उतरवायला लागले. मेणवली आली, धोम आलं, कृष्णा आली. एका लेखात वाईचं नाव आलं होतं, पण त्यावरून वाईच्या लेखाकडे दुवा दिलेला नव्हता. त्यांनी विचारलं, "हा दुवा मी जोडला तर चालेल?" कार्यशाळा संपून सतरंज्या गोळा करायला माणसं आली तरी ते तिथेच होते आणि पाचवा दुवा जोडत होते.